तीनशे मिलिमीटर

माउनच्या बाजारात, बँकेच्या भिंतीला टेकून
गाढवं जिथे सावली खात उभी असतात,
तिथे गालेबोवेचं दुकान:
मोबाइलची कव्हरं, सौरदिवे, माशांचे गळ,
आणि काचेखाली तीन लेन्स,
कुणाकुणाच्या संपलेल्या सफारींच्या.

कॅमेरा माझ्याकडे आहे.
मागच्या मोसमात एका पाहुणीने दिला, नुसता,
लेन्सच्या जागी झाकण लावलेला.
आठ महिने तो मक्याच्या पिठाच्या डब्यामागे
रुसलेल्या पाहुण्यासारखा
तोंड मिटून बसलाय.

गालेबोवे आधी सहाशेची उचलतो.
"सिंह घ्यायचा तर ही. मिशा मोजशील."
हातावर घेतली. नुकत्या जन्मलेल्या करडाएवढं वजन,
पण करडू निदान अंगाला बिलगतं.
दारातून रस्त्यापलीकडे रोखली:
गाढवाच्या पापणीवर माशी,
माशीच्या पायावर ऊन,
गाढव कुठेच नाही.

दुसरी झूम, शंभर ते चारशे.
फिरवली की आत वाळू कुरकुरते.
काचेच्या कडेला बुरशीचं बारीक जाळं.
"फोटोत दिसत नाही," तो म्हणतो,
आणि गळांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागतो.

तिसरी तीनशेची. जुनी.
रंग उडालाय तो नेमका तिथे, जिथे कुणाचा तरी
डावा तळहात वर्षानुवर्षं होता.
"हिला झूम नाही. पुढेमागे तूच व्हायचं."
पाण्यावर?
दोघंही हसलो.

एकोणीस वर्षं मी मोकोरो हाकतोय.
पाहुणे पुढे, बसलेले. मी मागे, उभा.
त्यांच्या मानांवरून मला कळतं
चित्र मिळालं की निसटलं.
"जवळ" हा एकच शब्द मला नऊ भाषांत येतो.
जवळ. आणखी जवळ.
पाणघोडा नाकपुड्या फुलवून बघत असताना सुद्धा,
जवळ.

दूरचं जवळ आणायला मला लेन्स कशाला?
लेचवे कुठल्या बेटावर उतरतात, मत्स्यगरुड
कुठल्या वठल्या फांदीवर परत येतो, ठाऊक आहे.
माझी अडचण वेगळीच,
ती गालेबोवेच्या काचेखाली नव्हती:
हात दोन, आणि दोन्ही काठीवर.

म्हणजे लेन्स ठरवायच्या आधी
काठी कोण धरणार ते ठरवायचं होतं.
केनेइल्वे, बहिणीची थोरली. सतरा वर्षांची.
माझ्यापेक्षा सरळ नेते.
हे मी तिला अजून बोललो नाही.

तीनशेची घेतली. निम्मे पैसे रोख,
निम्मे पूर ओसरेपर्यंत.

पहाटे ती मागे उभी, मी पुढे बसलो.
पहिल्यांदाच. आपली नाव बसून बघितली
तर पाणी केवढं वर येतं!
खंड्या लव्हाळ्यावर, निळा, चोचीत काहीतरी.
अकरा फोटो काढले.
अकरा वेळा लव्हाळं स्वच्छ आलं.

"आता मी," ती म्हणाली.
विचारलं नाही, म्हणाली.
काठी माझ्या हातात देऊन
पोटावर आडवी झाली, कोपरं काठाला टेकून.
मी सवयीने नाव तिच्या नजरेच्या दिशेला सरकवली.
गरुडाकडे नव्हती नजर. बोटाएवढ्या देठावर
बोराएवढा बेडूक, रेघारेघांचा,
झोपलेला.

आणखी सरकवली. हाताच्या अंतरावर नेली.
एवढं जवळ मी कुणालाच नेलं नव्हतं.
लेन्स घरघरली, पुढे गेली, मागे आली,
काही केल्या धरेना.

"मामा, मागे घे."

मागे?

"खूप जवळ आहोत. तिला दिसत नाहीये."

एकोणीस वर्षांत हा शब्द
कुठल्याच भाषेत कुणी मला दिला नव्हता.
काठी उपसली. चिखल टपटपला.
पुढच्या बाजूला रोवली, आणि उलटा जोर दिला.
वीतभर.
अजून वीतभर.

बेडूक होता तिथेच होता.